तिथीची पाऊणपट

जुन्या लॅपटॉपला शेवटी खाऱ्या हवेनंच खाल्लं.
आधी ‘ळ’ची कळ बसली.
महिनाभर मी केळशीला केशी लिहीत होतो
आणि कामवाल्या कंपनीत कुणाला पत्ता नाही.
मग चार्जरच्या भोकात हिरवं साचलं,
देवाच्या तांब्यावर साचतं तसं.

नवा आज दापोलीहून आला,
एसटीत, कंडक्टरच्या मांडीवर बसून.

नवं यंत्र मांडणाऱ्यासाठी सांगून ठेवतो:
खोक्यातल्या ‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या
फेकायच्या नाहीत, त्यांचंच इथं राज्य.
बाहेरून येणाऱ्या तारेला भिंतीशी झोळ द्यावा,
थेंब झोळाच्या पोटावर येऊन गळतो, आत शिरत नाही.
राऊटर वाशाला टांगावा. मुंग्यांना त्याची ऊब आवडते.
एकदा अंड्यांसकट बिऱ्हाड थाटलं होतं आत
आणि नेट बरं चाललं होतं,
म्हणून मीही चार दिवस कानाडोळा केला.
वीज जाणार, हे धरूनच बसावं.
दर तीन मिनिटांनी सगळं झाकून ठेवणारी
एक स्क्रिप्ट आहे माझी. नाव कंदील.

‘अवजारं’ नावाच्या फोल्डरात अशा एकेचाळीस.
एक ग्रामपंचायतीच्या यादीतले
चोगले, चौगले, चोगुले एका घरात आणून बसवते.
एक काय करते ते मीच विसरलोय,
आत पहिल्याच ओळीत माझ्याच शब्दांत लिहिलंय:
हात लावू नको.
लावत नाही.

आणि वही आहे, व्हायच्या यंत्रांची.
बोंबलांवर बसलेला कावळा ओळखून वाजणारा भोंगा.
(झाला. कावळे तीन दिवसांत सरावले,
शेजारचे पावसे अजून नाहीत.)
वीज जायच्या दोन मिनिटं आधी पेटणारा दिवा.
त्यापुढे फक्त: कसं?

भरतीची स्क्रिप्ट सकीना मुकादमसाठी होती.
ती खाडीपल्याडच्या शाळेत शिकवायची,
मधला फरशीचा पूल भरतीला बुडायचा.
मी दोनशे बारा ओळी लिहिल्या.
चंद्राचे कोन, कुठकुठले तक्ते,
पहाटे पाचला तिच्या फोनवर एक वाक्य:
पाणी अमुक वाजता पूर्ण.

धाकू चोगले जाळं सांधत बसले होते.
स्क्रीनकडे बघून म्हणाले,
‘तिथीची पाऊणपट कर ना रे.
इतकं काय लिवतोस?’
चतुर्थी, तीन. अष्टमी, सहा. दशमी, साडेसात.
थोडं इकडेतिकडे होतं, ते फरशी सांभाळून घेते.
दोनशे अकरा ओळी खोडल्या त्या रात्री.
इतका आनंद लिहिताना कधी झाला नव्हता.

मग सकीनाची बदली झाली, नंबरही बदलला.
मला कळलं. स्क्रिप्टला कुणी सांगितलं नाही.

गेल्या चैत्रात त्या नंबरावरून उत्तर आलं:
‘मी बिराप्पा. जतकडं बोअरच्या गाडीवर हाय.
नवं कार्ड घेतल्यापास्नं तुमचा मेसेज येतोय.
आदी वाटलं नळाचं पाणी सोडत्यात.’
थोड्या वेळानं दुसरं:
‘काल साडेसातशे फूट गेलो, नुसता फुफाटा.
तुमचं रोज येतंय म्हंजे बरं हाय.
बंद करू नका.’

मी त्याला समुद्राचं सांगायला घेतलं,
हे पिण्याचं नव्हे वगैरे,
आणि अर्ध्यात पुसलं.
त्याला ते ठाऊक असणारच.

आता रात्रीचे अकरा.
चाळीस अवजारं अजून जुन्या डिस्कवर पडलीयत,
पासवर्ड आठवत नाहीयेत, फॉन्ट उमटत नाहीये,
‘ळ’ मात्र नीट दाबला जातो.
मी पहिली तीच एक ओळ उतरवून घेतली.
वर टीप होती, ‘सकीनाच्या फरशीसाठी’.
ती राहू दिली. खाली लिहिलं: बिराप्पा, जत.

उद्या षष्ठी.
पाणी साडेचारला.
एक मुंगी वाशावरून उतरून
नव्या खोक्याची चौकशी करतेय.